पंक्तिप्रपंच: मांजरांच्या वाटीचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मांजरांच्या जेवणावर तासभर काय बोलावं? पण विषय दिसतो तितका हलका नाही. आपल्या भाषेत एक शब्द आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना केलेला दुजाभाव. एकाच्या भातावर तुपाची धार, शेजारच्याच्या भातावर दोन थेंब. एकाला जिलबीचा आग्रह, दुसऱ्याकडे वाढप्याची नजरच जात नाही. आपल्याकडे हा नुसता शिष्टाचाराचा भंग मानला जात नाही, दोष मानला जातो. जो पंगतीत बसला तो इतरांच्या बरोबरीचा, ही त्यामागची धारणा.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. घरात चार मांजरं आहेत. एक तीन महिन्यांचं पिल्लू. एक पाच वर्षांचा बोका, नसबंदी झालेला, वजन सात किलो. तिसरी चौदा वर्षांची म्हातारी, मूत्रपिंडं थकलेली. आणि चौथी मधुमेही, दिवसातून दोनदा इन्सुलिन घेणारी. पिल्लाला वाढीसाठी भरपूर प्रथिनांचं, भरपूर ऊर्जेचं अन्न लागतं. बोक्याला मोजूनमापून. म्हातारीला फॉस्फरस कमी असलेलं. मधुमेही मांजरीला पिष्टमय भाग कमी असलेलं, आणि रोज तेच, त्याच सुमाराला, कारण इन्सुलिनची मात्रा त्या अन्नावर बेतलेली असते. या चौघांपुढे एकसारख्या चार वाट्या मांडल्या तर पंक्तिप्रपंच टळेल, पण चौघांपैकी निदान दोघांचं नुकसान होईल.

म्हणजे सारखं वाढणं हाच जिथे अन्याय ठरतो, अशी ही पंगत आहे. ती कशी तयार झाली? हजारो वर्षं माणसाच्या आसऱ्याला राहिलेल्या प्राण्याच्या बाबतीत हा प्रश्न गेल्या पन्नास-साठ वर्षांतच का उभा राहिला? आज आपण हे इतिहासाच्या वाटेने पाहू, आणि शेवटी पुन्हा त्या शब्दाकडे येऊ.

सुरुवात धान्याच्या कोठारापासून. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवलं की जगभरच्या पाळीव मांजरांचा मूळ पूर्वज पश्चिम आशियातलं रानमांजर आहे. तिथे शेती सुरू झाली, धान्य साठू लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. कुत्र्याला माणसाने जवळ केलं असं म्हणता येईल. मांजर आपलं आपण आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर एका मांजराचा सांगाडा. सायप्रसवर मांजर मूळचं नव्हे, म्हणजे कुणीतरी ते नावेतून नेलं होतं. इतकी जवळीक होती. पण त्या मांजराला रोज जेवायला घालावं लागत असेल असं मानायला कारण नाही. उंदीर हाच त्याचा आहार, आणि उंदीर मिळतात म्हणून ते तिथे. पिल्लाने काय खावं, म्हातारीने काय खावं, हा प्रश्न माणसाचा नव्हता. जी शिकार करू शकली ती जगली, जी करू शकली नाही ती गेली. निसर्गात पथ्य नसतं.

या चित्राला एक सुंदर अपवाद चीनमध्ये सापडतो. शान्शी प्रांतातल्या च्युआनहूत्सुन या सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या गावात मांजरांची हाडं मिळाली. कार्बन आणि नायट्रोजन यांच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं की प्राण्याने आयुष्यभर साधारण काय खाल्लं, हे हाडांवरून कळतं. बहुतेक मांजरांनी धान्यावर वाढलेले लहान प्राणी खाल्ले होते, अपेक्षेप्रमाणेच. पण एका मांजराच्या हाडांनी वेगळीच साक्ष दिली. त्याच्या खाण्यात मांस कमी आणि बाजरीवर्गीय धान्य जास्त होतं. एकतर ते माणसाचं उष्टं-खरकटं खात होतं, किंवा त्याला कुणी घालत होतं. आणखी एका मांजराचे दात झिजलेले होते, म्हणजे ते त्या गावात म्हातारं होईपर्यंत जगलं. पुढे २०१६ मध्ये जबड्याच्या हाडांच्या मापांवरून असं ठरलं की ही मांजरं आजच्या पाळीव मांजराच्या वंशातली नव्हेत, अंगावर बिबट्यासारखे ठिपके असणाऱ्या एका आशियाई रानमांजराच्या जातीची आहेत. ते असो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की एकाच गावातल्या मांजरांचं ताट एकसारखं नव्हतं, आणि त्याची नोंद पाच हजार वर्षं हाडांत टिकून राहिली.

मांजराला मुद्दाम, ठरवून खाऊ घालण्याचं ठळक लिखित वर्णन येतं ते इजिप्तचं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात डायोडोरस नावाचा ग्रीक इतिहासकार तिथे गेला होता. तो सांगतो की देवळांच्या आश्रयाला असलेल्या पवित्र प्राण्यांसाठी जमिनीचं उत्पन्न राखून ठेवलेलं असे. मांजरांसाठी आणि मुंगसांसाठी सेवेकरी दुधात भाकर कुस्करत आणि तोंडाने आवाज काढून त्यांना बोलावत. किंवा नाईलचे मासे कापून कच्चेच घालत. ससाण्यांना मांस देत. तो असंही नोंदवतो की इतर प्राण्यांनाही ज्याला जे योग्य ते अन्न दिलं जाई. हा विचार नीट लक्षात घ्या. ससाण्याला जे योग्य ते मांजराला नाही, हा फरक इजिप्तच्या लोकांना मान्य होता. पण तो फरक जातीजातींमधला होता. या मांजरीला जे योग्य ते त्या मांजरीला नाही, हा विचार अजून दूर होता.

वैशेषिक दर्शनाचा आधार घेऊन आम्ही असं म्हणू की इथे ‘सामान्य’ कळलं होतं, ‘विशेष’ कळलेलं नव्हतं. काटेकोर शास्त्रार्थात ‘विशेष’ हा पदार्थ नित्य द्रव्यांपुरताच आहे हे आम्ही जाणतो. इथे शब्द सैल अर्थाने घ्या. सामान्य म्हणजे मांजरपण. विशेष म्हणजे ही मांजर, आत्ता, या वयात, या आजारासह. मांजराच्या वाटीचा सगळा इतिहास म्हणजे सामान्याकडून विशेषाकडे झालेला प्रवास आहे.

आपल्याकडे मांजराच्या आहाराचा विचार झाला तो भलत्याच अंगाने. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ‘बैडालव्रतिक’ हा शब्द येतो. बिडाल म्हणजे मांजर. मांजराचं व्रत पाळणारा म्हणजे ढोंगी. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगेकाठी हात वर करून तप करणाऱ्या मांजराची गोष्ट आहे. उंदीर विश्वासाने त्याच्या आश्रयाला येतात आणि एकेक करून त्याच्या पोटात जातात. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर हे तपस्वी मांजर कोरलेलं आहे, पायाशी उंदीर. हितोपदेशातला दीर्घकर्णही त्याच कुळातला. मांसाहार सोडला असं सांगणारं मांजर खोटं बोलतं, हे आपल्या परंपरेला पक्कं ठाऊक होतं. पण तिने त्याचा नैतिक अर्थ लावला. ते ढोंग नव्हतं, ती शरीराची असमर्थता होती, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. तिकडे आपण येऊच.

मधल्या काळात मांजराचं अन्न हा पगाराचा प्रश्न बनला. हे गमतीने म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकातलं लंडन पाहा. हेन्री मेह्यू याने १८५१ च्या आसपास लंडनच्या कष्टकऱ्यांचं जे विस्तृत वर्णन लिहिलं, त्यात कुत्र्या-मांजरांसाठी मांस विकणाऱ्या फेरीवाल्यांवर मोठा भाग आहे. त्याच्या अंदाजाने लंडनमध्ये तीन लाख मांजरं होती, घरटी साधारण एक, आणि असे फेरीवाले सुमारे एक हजार. मांस घोड्याचं. म्हाताऱ्या, जखमी, मेलेल्या घोड्यांचं मांस शिजवून, तुकडे करून, काडीला टोचून दारोदार विकलं जाई. ठरलेली गल्ली, ठरलेली गिऱ्हाइकं. घरोघरी मांस तेच. घराघरांत फरक असलाच तर तो गिऱ्हाइकाच्या ऐपतीचा. मांजराची प्रकृती पाहून मांस निवडलं जात नव्हतं.

आणि १८६८ सालची ती प्रसिद्ध फाईल. लंडनच्या टपाल खात्यात मनीऑर्डरचं कार्यालय होतं. तिथे उंदीर कागद कुरतडत. कार्यालयाच्या प्रमुखाने तीन मांजरी ठेवायची परवानगी मागितली आणि त्यांच्या खाण्यासाठी आठवड्याला दोन शिलिंग मागितले. वरिष्ठांनी मांजरी मंजूर केल्या, परीक्षाकाळावर. पण भत्ता एकच शिलिंग दिला. कारण काय, तर मांजरींना फार खाऊ घालणं बरं नाही. उरलेलं मेहनतान्याचं त्यांनी उंदरांवर भागवावं. सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर भत्त्यात आणखी कपात होईल! सरकारी कागदावरचा हा विनोद लोक आजही आवडीने वाचतात. पण त्यातला विचार बघा. एक शिलिंग तिघींत मिळून. तिघींपैकी कोण किती खाते, कुणाला काय लागतं, हे फाईलला विचारायचंच नाही. अन्न हे कामाचं साधन. मांजर भुकेलं राहिलं तर उंदीर मारेल. म्हणजे उपाशी ठेवणं हेच धोरण. त्याच टपाल खात्याच्या मुख्यालयात पुढे टिब्स नावाचा बोका चौदा वर्षं नोकरीत होता. १९६४ मध्ये तो वारला. आठवड्याला अडीच शिलिंग भत्ता, आणि वजन तेवीस पौंड, म्हणजे दहा किलोंच्या वर. १८६८ साली वरिष्ठांना जी भीती वाटत होती ती शंभर वर्षांनी पुरती खरी झाली. या शंभर वर्षांत काय बदललं?

दोन गोष्टी बदलल्या. एक वाटीच्या बाजूची, दुसरी दाराच्या बाजूची.

वाटीची गोष्ट अशी. १८६० च्या सुमाराला जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं बनवून विकायला सुरुवात केली. प्राण्याचं अन्न कारखान्यात तयार होऊ शकतं, ही कल्पना तिथून रुजली. विसाव्या शतकाच्या विशीत अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे आले. दुसऱ्या महायुद्धात कथिल आणि पत्रा युद्धाकडे वळला, डबे बंद पडले, आणि उत्पादक कोरड्या अन्नाकडे वळले. १९५० च्या दशकात पीठ आणि मांसाचा लगदा दाबाखाली, उष्णतेने फुलवून दाणे पाडण्याचं तंत्र पाळीव प्राण्यांच्या अन्नासाठी वापरात आलं. हे दाणे नासत नाहीत, वास मारत नाहीत, सकाळी वाटीत भरून ठेवले तर रात्रीपर्यंत राहतात. दिवसभर भरलेली वाटी ही इतिहासातली अगदी नवी वस्तू आहे, हे आपण विसरतो.

दाराची गोष्ट त्याहून साधी. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लोव नावाच्या माणसाने मांजराच्या विधीसाठी राखेऐवजी एक शोषक माती विकायला काढली. वास कमी झाला. मांजर बाहेर न जाता चोवीस तास घरात राहू शकेल अशी सोय झाली. आणि मांजर घरात राहिलं की उंदीर गेला, पाल गेली, शेजारच्या घरचं माशाचं डोकं गेलं. वाटी हीच त्याची सृष्टी झाली. वाटीत जे नाही ते त्याला आयुष्यात मिळणार नाही. आपल्याकडे शहरांतल्या सदनिकांमध्ये, जाळी लावलेल्या बाल्कनीमागे जी मांजरं राहतात, त्यांची स्थिती हीच.

याचा परिणाम काय होतो, हे विज्ञानाने कठोरपणे शिकवलं. मांजर हे सक्तीचं मांसाहारी आहे. पिढ्यान्‌पिढ्या मांस खात आल्याने जे घटक मांसात आयते मिळतात ते बनवण्याची क्षमता त्याच्या शरीराने सोडून दिली. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व आपण बनवतो, मांजर बनवू शकत नाही. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी दाखवलं की आर्जिनीन हे अमिनो आम्ल नसलेलं एकच जेवण मांजराने खाल्लं तरी काही तासांत त्याच्या रक्तात अमोनिया साठू लागतो. २००५ मध्ये कळलं की गोड चव ओळखणारं जनुकच मांजरात निकामी झालेलं आहे. बैडालव्रताचा हा शारीरिक पाया.

सगळ्यात मोठा धडा टॉरिनचा. हा घटक मांसात, माशात असतो. वनस्पतींत जवळजवळ नसतो. मांजराला तो पुरेसा बनवता येत नाही. १९७५ मध्ये सिद्ध झालं की टॉरिन कमी पडलं की मांजराच्या डोळ्यातला पडदा झिजतो. तरी पुढची बारा वर्षं बाजारातलं अन्न पुरेसं आहे असाच समज होता. त्याच वर्षांत मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार पुष्कळ दिसत होता. १९८७ मध्ये डेव्हिसचे पशुवैद्य पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आहे, आणि ते दिलं की हृदय सुधारतं. ही मांजरं उपाशी नव्हती. ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलं अन्न खात होती. उत्पादकांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं आणि तो आजार झपाट्याने कमी झाला.

इथे आपल्या घरांतल्या दूधभाताबद्दल बोललं पाहिजे. अनेक पिढ्या मराठी घरांनी मांजराला दूधभात, दूधपोळी घातली आणि मांजरं जगली. जगली ती दूधभातावर नव्हे. परसात उंदीर होते, माडीवर पाली होत्या, कोकणात कोळणीच्या पाटीखाली माशांची डोकी होती. दूधभात हा त्यांचा जोडधंदा होता. आज तेच मांजर चौथ्या मजल्यावर बंद असेल आणि वाटीत फक्त दूधभात असेल, तर ती वाटी भरलेली असूनही रिकामी आहे. शिवाय पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. शाकाहारी घरांनी मांजर पाळायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न. पण पाळलं तर त्याच्या शरीरावर आपलं व्रत लादता येणार नाही. ढोंगाचा आरोप मग मांजराकडे राहत नाही, आपल्याकडे येतो.

इथवरची कहाणी सामान्याची झाली. मांजर या जातीला काय लागतं ते कळलं. विशेषाची कहाणी एका कुत्र्यापासून सुरू होते. १९३९ मध्ये अमेरिकेत मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांचा बडी नावाचा वाटाड्या कुत्रा मूत्रपिंडाच्या आजाराने खंगत चालला होता. मार्क मॉरिस नावाच्या पशुवैद्याने त्याच्यासाठी खास अन्न बनवलं. घरी काचेच्या बरण्यांत भरून ते पाठवलं जाई. फ्रँक गावोगावी फिरत, मागणी वाढली, बरण्या फुटू लागल्या, मग डब्यांत भरणं सुरू झालं. १९४८ मध्ये कॅन्सस राज्यातल्या एका कारखान्याशी करार होऊन ते वैद्याच्या चिठ्ठीवर मिळणारं अन्न म्हणून बाजारात आलं. एकाच जातीतल्या एका रुग्णाला बाकीच्यांपेक्षा वेगळं ताट, ही कल्पना माणसांच्या वैद्यकात जुनी. आयुर्वेदात तर पथ्य हे प्रकृती, वय, ऋतू पाहूनच ठरतं. पाळीव प्राण्यांच्या बाबतीत ती इतक्या उशिरा आली, आणि मांजरांपर्यंत यायला आणखी काळ गेला.

त्यातच मांजरं जास्त जगू लागली. लसी आल्या, नसबंदी आली, रस्त्यावरचे अपघात टळले. पूर्वी जे वय मांजर क्वचित गाठत असे त्या वयाचे आजार दिसू लागले. म्हाताऱ्या मांजरांतल्या थायरॉइडच्या अतिरेकाचं पहिलं स्पष्ट वर्णन १९७९ सालचं आहे. मूत्रपिंडाचा जुनाट आजार, मधुमेह, लघवीतले खडे, अन्नाची ॲलर्जी, प्रत्येकाचं पथ्य वेगळं. आणि आपण एक मांजर पाळून थांबत नाही. दुसरं रस्त्यावरून आणतो, तिसरं कुणीतरी दारात सोडून जातं. अशा रीतीने सुरुवातीला सांगितलेली ती चौघांची पंगत जमली.

आता या पंगतीत नेमकं काय बिघडतं ते पाहू. म्हातारीचं मूत्रपिंडाचं अन्न पिल्लाने रोज खाल्लं तर त्याच्या वाढीला लागणारं पुरेसं मिळत नाही. पिल्लाचं अन्न बोक्याने खाल्लं तर तो आणखी फुगतो. मधुमेही मांजरीला इन्सुलिन दिलं आणि तिची वाटी बोक्यानेच संपवली, तर तिची साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. आणि लठ्ठ बोक्याला धडा शिकवायचा म्हणून उपाशी ठेवलं, तर काही दिवसांच्या उपासानेही मांजराच्या यकृतात चरबी साचून ते मरणाच्या दारी जातं. १८६८ च्या फाईलचा उपाय इथे चालत नाही.

पण याहून मोठा धोका वेगळाच आहे. एका मांजराच्या घरात वाटी तशीच राहिली की लगेच कळतं, जेवलं नाही. चार मांजरांच्या घरात वाट्या रोज रिकाम्याच होतात. म्हातारी चार दिवस जेवलेली नसते आणि तिचा वाटा दुसऱ्याने खाल्लेला असतो. वाटी रिकामी झाली म्हणजे सगळे जेवले, हा हिशेब एकूण बेरजेचा आहे. बेरजेत माणूस दिसत नाही, मांजरही दिसत नाही. अमर्त्य सेन यांनी अर्थशास्त्राचं लक्ष घराच्या आतल्या वाटपाकडे वेधलं ते याच कारणाने. घरात धान्य पुरेसं आलं म्हणून घरातल्या बाईला पुरेसं मिळालं असं होत नाही. आपल्या घरांत शेवटी जेवायला बसणाऱ्या आई-आजींच्या ताटात काय उरलं होतं, हे त्या घराच्या किराणा हिशेबात कधीच दिसलं नसतं.

म्हणून उपायांचा पहिला नियम हाच की वाटीकडे न पाहता खाणाऱ्याकडे पाहायचं. दिवसभर भरलेली वाटी बंद करायची आणि ठरलेल्या वेळी, दोन-तीन-चार वेळा थोडं थोडं द्यायचं. हे मांजराच्या स्वभावाला धरूनही आहे; एका उंदरातून त्याला साधारण तीस किलोकॅलरी मिळतात, म्हणजे रानात त्याला दिवसात अनेकदा छोटं छोटं जेवावं लागतं. वीस-तीस मिनिटांनी उरलेलं उचलायचं. प्रत्येकाची जागा वेगळी, शक्य तर खोली वेगळी. पिल्लासाठी खोक्याला एवढंच भोक की बोक्याचं डोकं आत जाणार नाही. चपळ मांजराचं अन्न उंचावर, जिथे लठ्ठ किंवा म्हातारं चढत नाही. हल्ली कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप असलेल्या मांजरालाच झाकण उघडून देणाऱ्या वाट्या मिळतात. महाग आहेत, पण ज्याच्या घरी आजार गंभीर आहे त्याला त्या उपयोगी पडतात. चौघांनाही चालेल असं एखादं समान अन्न आहे का, हे पशुवैद्याला विचारावं. कधी कधी असतं, आणि मग निम्मी कटकट मिटते. आणि प्रत्येकाचं वजन ठरलेल्या दिवशी करून वहीत लिहावं. वजनाचा आकडा बेरजेत लपत नाही.

काहींना असं वेगवेगळं बसवणं क्रूर वाटतं. सगळी मुलं एकत्र जेवताना कशी छान दिसतात! पण ते आपल्याला छान दिसतं. मांजराचा पूर्वज एकटा शिकार करणारा आणि एकटा खाणारा. शेजारी दुसरं मांजर खात असताना ते जेवतं ते बऱ्याचदा घाईने किंवा दबून. पंगत ही माणसाची संस्था आहे. ती आपण मांजरांवर बसवली आहे.

आता पुन्हा त्या शब्दाकडे येऊ. ॲरिस्टॉटल मध्यममार्ग समजावताना मिलो नावाच्या पहिलवानाचं उदाहरण देतो. जेवढं अन्न मिलोला कमी पडेल तेवढं नवशिक्या कुस्तीगिराला जास्त होईल. दोन टोकांच्या मधला आकडा गणिताने काढता येतो, पण योग्य प्रमाण त्या आकड्याने ठरत नाही. ते खाणाऱ्याच्या संदर्भाने ठरतं. मग पंक्तिप्रपंच हा दोष कशामुळे? फरक केला म्हणून नव्हे. घरच्या पंगतीत मधुमेही आजोबांना श्रीखंड वाढलं नाही तर कुणी त्याला पंक्तिप्रपंच म्हणत नाही. दोष तिथे असतो जिथे फरकाचं कारण वाढणाऱ्याच्या बाजूला असतं: त्याचा लोभ, त्याची सोय, जातीची उतरंड, पाहुण्याची श्रीमंती. फरकाचं कारण खाणाऱ्याच्या गरजेत असलं की तोच फरक न्याय होतो. आमच्या मते ही कसोटी मांजरांपुरती नाही. शाळेतल्या माध्यान्ह भोजनापासून इस्पितळाच्या स्वयंपाकघरापर्यंत तीच लावता येईल. फक्त एक अट आहे. गरज ओळखायला प्रत्येकाकडे वेगळं पाहावं लागतं, आणि तेवढा वेळ काढावा लागतो. सगळ्यांना सारखं वाढण्याचा आग्रह पुष्कळदा समतेपोटी नसतो, तो न पाहण्याच्या सोयीपोटी असतो.

रामानुजांनंतरच्या वैष्णव परंपरेत एक वाद झाला, मर्कटन्याय आणि मार्जारन्याय. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून असतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. देवाच्या कृपेसाठी भक्ताने प्रयत्न करावा की नाही, हा तिथला प्रश्न. कोठारातलं मांजर मर्कटन्यायाने जगत होतं, आपलं आपण. आपण दार लावलं, उंदीर हटवले, वाटी मांडली आणि त्याला मार्जारन्यायात आणलं. आता ते पूर्णपणे आपल्या तोंडात आहे. ज्याचे स्वतःचे सगळे मार्ग आपण बंद केले, त्याला काय हवं हे ओळखण्याची जबाबदारीही मग आपलीच. ती चौघांची मिळून एक नसते. चार वेगळ्या जबाबदाऱ्या असतात.

ज्यांच्या घरी एकाहून जास्त मांजरं आहेत त्यांना एवढीच विनंती. आज रात्री वाट्या उचलण्याआधी कोण जेवलं आणि कोण नाही, हे एकेकाचं नाव घेऊन पाहा.